ओर्विलाक, २०१०

१

घोट जिभेवर टेकला आणि दीपमालाच्या लक्षात आलं, ही ती वाईन नाही.

ती गिळता गिळता थांबली. समोरच्या टेबलावर पांढरा कागद अंथरला होता, कारण पांढऱ्यावर रंग खरा दिसतो. कागदावर पाच पेले भरले होते. पाचवा कुणाचाच नव्हता; तो भिंतीवरच्या फोटोपुढं ठेवला होता. फोटोत वीरधवल हसत होता. आज त्याला पस्तिसावं लागलं असतं.

सकाळचे साडेदहा झाले होते. चव घ्यायची तर सकाळी, जीभ कोरी असताना, हे वीरधवलनंच तिला शिकवलं होतं. साताऱ्याच्या कॉलेजात तो तिच्या चार वर्षं पुढं, विषय एकच, सूक्ष्मजीवशास्त्र. पुढं तो वाईनकडं वळला, फ्रान्समधल्या ओर्विलाक नावाच्या मळ्यावर एक हंगाम राबून आला आणि येताना ही बाटली घेऊन आला. २०१० सालची. तिथल्या तळघराच्या म्हाताऱ्या कारभाऱ्यानं ती हातात देताना बजावलं होतं, पंधरा वर्षं व्हायच्या आत उघडू नकोस.

वीरधवलला तेवढं थांबायला मिळालं नाही. २०१८ च्या जानेवारीत तासगावच्या रस्त्यावर बिनदिव्याची उसाची ट्रॉली त्याला दिसली नाही.

त्याच्या आईनं, मंगलकाकींनी, मात्र बाटली सांभाळली. पंधरा वर्षं भरली तशी त्यांनी नाशिकला फोन लावला. दीपमाला आता तिथं एका वायनरीच्या प्रयोगशाळेत होती. "दीपा, त्याच्या वाढदिवसाला कुंडलला ये. उघडायची तर तुझ्या हातनं."

"कशी हाय गं?" मंगलकाकींनी विचारलं. त्यांनी पेला हातात धरला होता, पण ओठाला लावला नव्हता. आधी दीपमालानं सांगायचं, मग त्या पिणार.

शेजारी सुभेदार जोतीराम, वीरधवलचे वडील, ताठ बसले होते. पलटणीतून घरी येऊन आठ वर्षं झाली तरी त्यांची पाठ खुर्चीला टेकत नव्हती. पलीकडं त्यांचा पुतण्या उदयसिंह, तासगावचा बेदाण्याचा व्यापारी. आणि दारात, हातात स्टीलचा पेला घेऊन, आकाराम. तीस वर्षं या घराची बेदाण्याची शेड तोच बघत आला होता. "तुमी बी घ्या घोटभर. तुमच्या खांद्यावर खेळलाय त्यो," असं म्हणून काकींनीच त्याला बोलावलं होतं.

दीपमालाची एक खोड होती. यंत्रावर जो आकडा दिसेल तोच ती सांगायची. कुणाला बरं वाटावं म्हणून त्यातलं दशांश चिन्हसुद्धा तिनं कधी हलवलं नव्हतं.

"काकी, ही ती वाईन नाही," ती म्हणाली.

काकींनी पेला हळूच खाली ठेवला. कागदावर लाल गोल उमटला.

"मग माझ्या लेकाची वाईन कुठं गेली?"

२

"कशावरनं म्हणतीस?" उदयसिंहनं विचारलं. त्याचा पेला एव्हाना रिकामा होता. "मला तर झकास लागली. आता रमनं माझी जीभ मेलीय, ती गोष्ट येगळी."

दीपमालानं पेला कागदावर तिरका धरला. "कड बघा. जांभळी आहे. पंधरा वर्षांच्या वाईनची कड विटेच्या रंगाची होते. शिवाय एवढ्या वर्षांत गाळ धरतो, तो पेल्यात थोडा तरी यायला हवा. इथं काहीच नाही. ही वाईन दोन वर्षांचीही नसेल."

"पण बूच?" सुभेदार पहिल्यांदाच बोलले. "बूच तर त्यांचंच हाय की!"

बूच त्यांचंच होतं. त्यावर मळ्याचं नाव आणि साल डागलेलं होतं. वरचं पातळ पत्र्याचं टोपणही जागच्या जागी होतं. दीपमालानं बूच उजेडात फिरवलं. आत स्क्रूची एक नागमोडी वाट होती आणि तिला छेदून जाणारी दुसरी.

"हे आधी एकदा निघालंय. काढून, ओतून, भरून परत बसवलंय."

उदयसिंहनं मिशीवरून हात फिरवला. "बाटली पेटीत. पेटी शेडलगतच्या खोलीत. पेटीची किल्ली शेडमधल्या खिळ्याला. आणि ह्या घरात नेमानं घेणारा गडी एकच."

सगळ्यांच्या नजरा दाराकडं गेल्या.

आकाराम जतकडचा. बापजाद्यांनी मेंढरं राखली. हा तरणा असताना दुष्काळात इकडं आला आणि इथंच राहिला. त्यानं हातातला स्टीलचा पेला उंबऱ्याशेजारी उपडा ठेवला.

"आकाराम, बोला की," काकी म्हणाल्या. त्यांचा आवाज अजून विनवणीचा होता. "न्हाई म्हना."

आकारामनं क्षणभर वर बघितलं. काकींकडं नव्हे, सुभेदारांकडं. मग मान खाली घातली.

"मी पिलो न्हाई, वैनी. म्होरलं मला इचारू नका."

"म्हंजे तुमाला ठावं हाय."

काकी उभ्या राहिल्या. "सात वर्सं मी ती बाटली जपली. लेकराला जपता आलं न्हाई म्हनून बाटली जपली. तुमाला ठावं हाय आनि तुमी सांगत न्हाई? साडेपाचची एसटी हाय. माझ्या दारात ऱ्हाऊ नका."

दीपमालाला वाटलं, सुभेदार आता मधे पडतील. जवानांचे तंटे मिटवण्यात ज्याची हयात गेली, तो माणूस टेबलावरच्या लाल गोलाकडं बघत बसून राहिला.

आकाराम चपला घालून शेडकडं चालायला लागला. तीस वर्षांचं बिऱ्हाड एका वाक्यानं उठलं होतं, आणि ते वाक्य तिचं होतं. घड्याळात अकरा वाजले होते.

३

उदयसिंह अंगणातल्या गाडीला टेकून फोनवर बेदाण्याचा भाव ठरवत होता. फोन ठेवताच दीपमालानं विचारलं, "काकी फोनवर म्हणत होत्या, मागच्या वर्षी तुम्ही बाटली मागितली होती?"

"मागितली की. लपवतोय कशाला? पुण्याचं एक गिऱ्हाईक हाय, काचेच्या कपाटात लावनार हुतं. काकी म्हनल्या, तुझं कपाट घाल चुलीत." तो हसला आणि मग एकदम थांबला. "माझ्यावर येतीय व्हय गाडी?"

"सगळ्यांवर येतीय."

"मग ऐक, शास्त्रीनबाई. मी चोर असतो तर अख्खी बाटली उचलली असती. आतलं काढून काय करू? तुमच्या त्या वाईनला बाटलीबिगर कोन वळखतंय? तांब्यात घालून पुण्याला नेऊ?"

बोलणं उद्धट होतं, पण बिनतोड होतं. बाटली विकणाऱ्याला बाटलीच हवी.

"मग आकारामचं नाव का घेतलंत?"

"मग कुनाचं घेऊ? काकाचं?" त्यानं खांदे उडवले. "तसा मानूस चांगला हाय. पन पिनाऱ्याचं काय सांगावं!"

दीपमाला चिंचेखाली येऊन बसली. प्रयोगात करायची तशी तिनं एकेक शक्यता घेतली आणि खोडली. प्यायची म्हणून कुणी चोरली असेल, तर त्यानं प्यावी आणि मोकळं व्हावं. पाणी भरून ठेवलं असतं तरी आजपर्यंत कुणाला कळलं नसतं. पण इथं पाणी नव्हतं. दुसरी लाल वाईन होती, चांगली गळ्यापर्यंत भरलेली. एक दारू पिण्यासाठी दुसरी विकत आणून त्यात भरणारा दारुडा तिनं कधी पाहिला नव्हता.

म्हणजे ज्यानं हे केलं त्याला वाईन नको होती. बाटलीही नको होती. त्याला एवढंच हवं होतं की आज बूच निघावं, पेले भरावेत आणि कुणाला काही कळू नये.

ज्याला आजचा दिवस नीट पार पडायला हवा होता, ते माणूस बाहेरचं नव्हतं. ते टेबलाशीच बसलं होतं.

४

काकी गच्चीवर होत्या. दुपारचं ऊन नुसतं ओतत होतं आणि त्या कुरडया उलटत होत्या, एकेक, हलक्या हातानं.

"आत बसून करू काय?" त्या म्हणाल्या. "हात चालू असला की बरं असतं."

दीपमालाही शेजारी बसून कुरडया उलटू लागली.

"पाडवा झाला की मी त्याचं सगळं वर आनते," काकी सांगत होत्या. "कपडे, पुस्तकं, बूट, त्याचं एकून एक. आठ दिस ऊन दाखवते, मग पुन्हा पेटीत. ऊन दाखवलं की कीड लागत न्हाई, वास येत न्हाई. डाळी, पातळं, शेवया, माझ्या सासूनं असंच ठेवलं. जपायचं म्हंजे दुसरं काय असतं गं?"

"काका मदत करतात?"

"कुठलं! बर्फात गुडघा गेला त्यांचा. जिना म्हनलं की तोंड वाकडं. औंदा चैतात एकदाच चढले. मी देवळात आनि वळीव आला, तवा बिचारे वाळवान गोळा करायला वर आले. दोन दिस शेकत बसले, एक शबुद बोलले न्हाईत." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "दीपा, त्याचं पत्र आनलंयस न्हवं? त्या मळ्याचं? वाच की."

दीपमालानं पिशवीतून छापलेलं ईमेल काढलं. सात वर्षांत त्याच्या घड्या झिजल्या होत्या.

"'दीपा, ओर्विलाक म्हणजे राजवाडा नव्हे,'" ती वाचू लागली. "'अडीचशे वर्षांपूर्वी मिठाच्या एका व्यापाऱ्यानं घेतलेली खडकाळ टेकडी. दीडशे वर्षांपूर्वी मुळं खाणारा बारीक किडा आला आणि इथला वेल न् वेल मेला. मग ह्यांनी अमेरिकेतनं खुंट आणून त्यावर आपल्या वेलाची कलमं बांधली, आपल्याकडं डॉगरिजच्या खुंटावर बांधतात तशीच. मी म्हाताऱ्याला म्हणालो, आमच्या तासगावला या, कलम बांधून दाखवतो. पहिल्या महायुद्धात मालकिणीचा एकुलता मुलगा गेला. जायच्या आधी त्यानं अकरावी ओळ स्वतःच्या हातानं लावली होती. बाईंनी नेम धरला, ही ओळ सगळ्यांत शेवटी तोडायची आणि मीच तोडायची. शंभर वर्षं झाली, अजून ती ओळ घरातली बाईच तोडते. तिचा रस प्रत्येक पिंपात थोडा थोडा घालतात, म्हणजे कुठलीही बाटली उघडली तरी तो पोरगा तिच्यात असतोच.'"

काकींचा हात थांबला.

"ऱ्हाऊ दे गं," त्या म्हणाल्या. "म्होरलं नको."

दीपमालानं कागद मिटला. दोन ओळी वाचायच्या राहिल्या.

"त्या बाईचं बरं हुतं," काकी पुढची कुरडई उलटत म्हणाल्या. "तिच्याजवळ वेल तरी हुते. माझ्याजवळ एक बाटली हुती. ती बी मला जपता आली न्हाई."

५

तीन वाजता दीपमाला शेडवर गेली. आकारामची बायको हरणाबाई भांडी पोत्यात भरत होती. आकाराम मात्र शेडच्या कडेला हिरवं जाळीचं नेट ताणून बांधत होता.

"आता कशाला बांधताय?" दीपमालाला राहवलं नाही.

"आवं ताई, माल काय आपल्याबरबर येतोय व्हय? त्यो हितंच ऱ्हानार." त्यानं गाठ आवळली. "पश्चिमेचं ऊन आत शिरतंय. हंगामातला शेवटचा माल हाय, जाळ्यांवर पसरलाय. बेदाना सावलीतच वाळला पायजे. कडेच्या मालाला ऊन लागलं की काळा पडतो. एकदा काळा पडला की मग देव आला तरी त्याचा सोन्यावानी बेदाना हुईत न्हाई."

"ह्येंनी न्हाई पिलेली ती वाईन," हरणाबाई पोत्यातून मान वर न काढता म्हणाली. "तांबडं पानी म्हनत्यात हे तिला. गोड न्हाई, तिखट न्हाई. साहेबांची रमच लागती ह्यास्नी."

"साहेब रम देतात?"

"दर म्हैन्याला. सांगलीच्या मिलिटरी कँटीनला गेले की एक बाटली," आकाराम म्हणाला. "चैताचीच तेवढी चुकली. म्हनले, औंदा कोटा संपला." त्याला दुःखातही हसू आलं. "सुभेदाराचा कोटा संपतोय व्हय ताई? मी म्हनलं, आसंल."

चैत्र. कँटीनमध्ये रम मिळते तशी वाईनही मिळते. आणि बाटली उघडली तेव्हा बुचाबद्दल घाईनं विचारणारा एकच माणूस होता.

"आकाराममामा, तुम्ही त्यांना बघितलंत ना? बाटली ओतताना?"

आकारामनं नेटची गाठ पुन्हा तपासली, आधीच पक्की असलेली.

"मी काय बी बघितलं न्हाई. आनि बघितलं असतं तरी वैनीसमोर बोललो नसतो. एसटी काय, उद्या बी असती."

म्हणजे कोण, ते कळलं. पण का? लेकाची एवढी मोलाची आठवण कुणी बाप का ओतून टाकील? दीपमाला शेडबाहेर आली आणि उन्हात उभी राहिली. कडेच्या मालाला ऊन लागलं की काळा पडतो. तिनं पिशवीतलं पत्र काढलं आणि राहिलेल्या दोन ओळी वाचल्या.

"'इथल्या तळघरात दिवा लावायचा तरी म्हाताऱ्याला विचारावं लागतं. तो म्हणतो, ओर्विलाकच्या वाईननं जन्मल्यापासून ऊन पाहिलेलं नाही.'"

ती घराकडं पळत सुटली.

६

पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. तिनं बाटलीतली उरलेली वाईन तांब्यात ओतून ठेवली आणि रिकामी बाटली खिडकीशी नेली.

पुढचं लेबल पिवळं पडून विटलं होतं, नाव जेमतेम वाचता येत होतं. उलट्या बाजूचं छोटं लेबल काल चिकटवल्यासारखं कोरं होतं. बाटली सात वर्षं पेटीत, अंधारात होती, असंच ती सकाळी धरून चालली होती. अंधारात लेबल विटत नाही. आणि एकाच बाजूनं तर मुळीच नाही. ती बाटली आडवी, तोंडावर ऊन घेत पडलेली असली पाहिजे, एकदा नव्हे, वर्षानुवर्षं.

कोऱ्या लेबलाच्या, म्हणजे आडवी असताना खाली राहिलेल्या अंगाला, काचेला आतून काळपट खरपुडी धरली होती. जुन्या वाईनचा गाळ. नवी भरणाऱ्याला तो खरवडता आला नव्हता. दीपमालानं डोक्यातली पिन काढून मानेलगतचा थोडा ओढून घेतला आणि हुंगला. करपलेली काकवी, त्यामागं व्हिनेगरचा झणका. वाईन कुणी नेली त्याच्या कितीतरी आधी ती मेली होती.

सुभेदार शेडमागं सापडले. तिथं वाईनच्या काळ्या द्राक्षांची एकच ओळ होती, वीरधवलनं लावलेली. आधीच्या दहा नसतानाही तो तिला अकरावी म्हणायचा. सुभेदार वेलांच्या बुंध्यांशी उकिडवे बसले होते, दुखऱ्या गुडघ्यासकट.

"हितंच ओतली," दीपमालानं काही विचारायच्या आधी ते म्हणाले. "गटारात ओतवंना."

ती त्यांच्याशेजारी मातीत बसली.

"त्या दिशी वर गेलो. कुरडया गोळा करतोय, तर मधे ती बाटली. त्याच्या कपड्यांवर ठेवलेली, लेकरू झोपवल्यावानी. बूच वर आलेलं. खाली तांबडा ओघळ, वाळलेला. मी म्हनलं, मंगल, हे काय केलंस?" त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "पन ती देवळात हुती. बरं झालं देवळात हुती."

"तिला माहीत नव्हतं."

"तिला कोन सांगनार? मला सांगितलं हुतं त्यानं. मी बेळगावला, शेवटची पोस्टिंग. फोनवर म्हनला, बाबा, आईचा फोन लागंना, तिला सांगा, अंधारात ठेव, गार जागी ठेव, ऊन नको. मी हां हां केलं. परेडची टायमिंग झालेली. विसरलो. साधी एक ऑर्डर, दीपा. खाली पोचवली न्हाई मी." त्यांनी बुंध्याभोवतीची माती हातानं सारखी केली. "टोपन गरमीनं ढिलं झालेलं, हातात आलं. कँटीनची वाईन भरली. म्हनलं, कुंडलमदी कुनाला कळतंय? पन तिनं तुला बोलावलं."

"आणि आकाराम?"

"त्यानं मला हितं बघितलं. तोंड उघडलं न्हाई. मी बी न्हाई उघडलं, आनि जवान माझ्या चुकीसाठी शिक्षा भोगतोय." ते वेलाला धरून उठले. कंबर ताठ केली. "आता मी जातो आनि तिला सांगतो. सात वर्सं तू त्याला उन्हात घालत हुतीस, असं सांगतो. दुसरा रस्ता न्हाई."

पाच वाजायला दहा मिनिटं होती.

"आहे," दीपमाला म्हणाली. "थांबा, काका."

७

फाटकाशी दोन पोती आणि एक पत्र्याची पेटी होती. त्यांच्याशेजारी आकाराम आणि हरणाबाई उभे होते. काकी पायरीवर बसल्या होत्या, तोंड फिरवून. उदयसिंह गाडीत बसायच्या बेतात होता.

दीपमाला आली ती सरळ काकींसमोर उभी राहिली; मागून आलेले सुभेदार भिंतीशी थांबले.

"काकी, मी चुकले."

काकींनी वर बघितलं.

"वाईन तीच आहे. चांगल्या मळ्याची वाईन कधी कधी पंधरा वर्षांतही म्हातारी होत नाही, हे मला कळायला हवं होतं. मी आता पुन्हा नीट बघितली. गाळ बाटलीच्या अंगाला चिकटलाय, म्हणून पेल्यात आला नाही."

"आनि बुचाचं काय?" उदयसिंहनं गाडीचं दार पुन्हा लावलं. "दोन वळसे?"

"दोन्ही माझेच. पहिल्यांदा स्क्रू वाकडा गेला, तो काढून पुन्हा घातला. ते विसरले आणि शहाणपणा करून बसले."

"एवढं शिकून?"

"एवढं शिकून."

उदयसिंहनं मान हलवली. आता ही गोष्ट सगळ्या तासगावात पसरणार, हे दीपमालाला कळत होतं. तिला त्याचं काही वाटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिनं आकडा खोटा सांगितला होता.

काकी उठल्या. आत जाऊन त्यांनी तांब्या आणि उंबऱ्याशेजारचा स्टीलचा पेला आणला. पेला पदरानं पुसला, भरला आणि फाटकापर्यंत चालत गेल्या.

"धरा, आकाराम."

"आवं वैनी..."

"धरा म्हनते. आनि ती पोती आत न्या. हरणाबाई, चहा टाक." त्यांनी पेला त्याच्या हातात दिला. "माझी मती फिरली हुती. तुमच्याबिगर त्याला खांद्यावर कोन घेत हुतं?"

आकारामनं एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं. "लय भारी हाय," तो म्हणाला, आणि सुभेदारांकडं न बघता पोतं उचलून शेडकडं निघाला.

काकी परत पायरीवर येऊन बसल्या. त्यांनी आतून आणलेला आपला पेला दोन्ही हातांत धरला. "आता सांग. कशी लागती? मला नुसतं आंबट कळतंय."

दीपमालानं तांब्या नाकाशी नेला. कँटीनची स्वस्त, तरणी वाईन. तिच्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. तिनं डोळे मिटले. वीरधवल चवींची टिपणं ठेवायचा, त्या वहीतलं पान तिला पाठ होतं. याच सालची बाटली त्यानं ओर्विलाकच्या तळघरात, म्हाताऱ्याशेजारी उभं राहून चाखली होती.

"आधी पेन्सिलीला टोक काढताना येतो तसा वास," ती म्हणाली. "मग जांभळाची साल. पिकलेल्या जांभळाची नाही, जरा करकरीत असलेल्याची. मग ओली वीट."

"व्हय," काकी म्हणाल्या. त्यांनी हुंगलं. "व्हय, येतोय."

"आणि सगळ्यात शेवटी, घोट गेल्यावर, चामडं. पॉलिश केलेलं जुनं चामडं." तिनं डोळे उघडले. "बाबा सुट्टीवर यायचे तेव्हा दारात बूट काढायचे, तसं, असं त्यानं लिहिलंय."

सुभेदारांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यांची पाठ त्या दिवसात पहिल्यांदा वाकली.

काकींनी पेला संपवला, थेंब न ठेवता. मग त्या आत गेल्या आणि रिकामी बाटली घेऊन आल्या. विटलेल्या लेबलावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"ही आता गरम पान्यानं धुते," त्या म्हणाल्या, "आनि वर ठेवते आठ दिस. ऊन दाखवलं की वास धरत न्हाई."

सुभेदारांनी दीपमालाकडं बघितलं.

"ठेवा काकी," ती म्हणाली. "खुशाल ठेवा."

काकी बाटली धुऊन, छातीशी धरून जिन्याकडं गेल्या. चौथ्या पायरीवर त्यांना मागं पाऊल वाजलं म्हणून त्यांनी वळून बघितलं. सुभेदार एक हात कठड्यावर आणि एक गुडघ्यावर ठेवून त्यांच्या मागून वर येत होते.

"तुमी कशाला?" काकी म्हणाल्या.

"चल," ते म्हणाले. "आज मी बी येतो."